चेहरेवाल्या ताईची चिबी माणसं

आमच्या फोटो स्टुडिओत लोक यायचे ते ताईसाठी. फोटो काय, कुठेही निघतात. पण घरातलं माणूस गेलं आणि त्याचा धड एक फोटो सापडेना, की रस्त्यावरचं कुणीही सांगायचं, "चेहरेवालीकडे जा." मग कुणी ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो घेऊन यायचं, कुणी घोळक्यातलं मागच्या रांगेतलं अर्धंमुर्धं डोकं. ताई ते भिंगाखाली धरायची. हसताना गालाला खळी पडायची का, चिडल्यावर कुठली भुवई वर जायची, असं दोन-चार विचारायची आणि पेन्सिल घेऊन बसायची. चित्र न्यायला आलेली माणसं माझ्यासमोर मटकन खाली बसलेली मी पाहिली आहेत.

काउंटरवर मी असायचे. ताई मला नावानं कधी हाक मारायची नाही. सकाळी आत शिरताना माझ्याकडे एक नजर टाकायची आणि म्हणायची, "ए काउंटर, काल सासूशी वाजलं वाटतं?" वाजलेलंच असायचं. चेहऱ्यावरचं तिला असं वाचता यायचं. तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे पाठमोरं बसावं लागायचं.

घरी तिघं. ती, तिची मुलगी पिटू आणि थोरला भाऊ. नवऱ्यानं पिटू रांगत होती तेव्हाच दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं. त्या दिवसापासून दादानं बहिणीला आणि भाचीला आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं, आणि त्या दोघींचं करता करता त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. दादा बस चालवायचा. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, मधोमध भांग, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. बोलणं कमी, पण जे बोलायचा त्यावर आपण घरी पोचल्यावर हसू यायचं.

पिटू अकरा वर्षांची असताना ताईला ताप आला. साधा ताप समजून ती गोळ्या खात राहिली. मग एका सकाळी भिंतीशी बोलायला लागली, तेव्हा दादानं तिला उचलून इस्पितळात नेलं. मेंदूला सूज आली होती. जगते की नाही अशी अवस्था. दादा ड्यूटी सोडून तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर बिऱ्हाड केल्यासारखा बसून राहिला. शेवटी ताई जगली. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, दुकानाच्या किल्ल्या कुठल्या खणात असतात तेसुद्धा लक्षात. आम्ही म्हटलं, सुटलो एकदाचे.

ती कामावर परत आली त्या दिवशी मालक कौतुकानं दारातच हसत उभे होते. ताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काय हवंय आपल्याला? फोटो की फ्रेम?"

मालक पोट धरून हसले. मीही हसले. "अहो, आल्या आल्या चेष्टा सुरू का?" असं मालक म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकला तशी ताई पांढरीफटक पडली. ती चेष्टा करत नव्हती. तिनं मालकांना ओळखलंच नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर दादाला समजावून सांगितलं, की डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूत चेहरे ओळखणारी जी जागा असते तेवढीच जळून गेल्यासारखी झाली आहे, आणि ती परत यायची आशा कमी. ताईनं मला ते तिच्या भाषेत सांगितलं. "नाक दिसतं, डोळे दिसतात, ओठ दिसतात. माणूस दिसत नाही गं. एकेक अक्षर वाचता यावं आणि शब्दच लागू नये, तसं." एकदा कपड्यांच्या दुकानात ती समोरच्या बाईला "सरका जरा" म्हणाली. समोर आरसा होता. ही गोष्ट ती आम्हाला हसवायला म्हणून सांगायची, आणि आम्ही हसायचोही.

कामाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हात तोच होता. फोटोतली रेघ न् रेघ ती कागदावर उतरवायची, पण साम्य येत नव्हतं, आणि आलं नाही हे तिला कळतही नव्हतं. एक गृहस्थ आईचं चित्र न्यायला आले. बघत राहिले, मग कागद उलटा करून काउंटरवर ठेवला. "ही कोण बाई आहे मला माहीत नाही," म्हणाले. आवाज चढवला नाही, पैसेही परत मागितले नाहीत. ताई आतून ऐकत होती. त्या संध्याकाळी तिनं आपल्या सगळ्या पेन्सिली डब्यात भरल्या आणि डबा कपाटावर टाकला.

मालक मनानं बरे. त्यांनी तिला काढलं नाही. पासपोर्ट फोटो कापायचे, ओळखपत्रांना लॅमिनेशन करायचं, असलं काम दिलं. चेहरेवाली आता चेहरे कापत बसायची.

पिटूला त्या वयात अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनांचं, वेड लागलं होतं. मामाच्या फोनवर बघायची आणि वह्यांच्या मागच्या पानांवर तीच पात्रं काढायची, पण चिबी करून. चिबी म्हणजे त्याच पात्राचं गोंडस, बुटकं रूप. भलंमोठं डोकं, त्याखाली जेमतेम डोक्याएवढंच अंग, बशीसारखे डोळे, नाक असलंच तर एक ठिपका, आणि हात म्हणजे बोटं नसलेले मोजे. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. ताईनं ती वही उचलली आणि नाक मुरडलं.

"ही कसली माणसं? मान कुठे गेली यांची?"

"चिबीला मान नसते," पिटू म्हणाली.

"आणि नाक?"

"नाकाचं काय करायचंय? आई, नीट बघ ना. ही तलवारवाली, ही तिची मैत्रीण, हा जादूवाला. चेहरे सगळ्यांचे सारखेच आहेत. केस बदलले की माणूस बदलतो."

ताईनं वही जवळ घेतली. "म्हणजे तूसुद्धा यांना केसांवरूनच ओळखतेस?"

"सगळेच तसेच ओळखतात."

ताईनं वही मिटून परत दिली. पण कपाटावरचा डबा खाली आला.

शिकवणारी बारा वर्षांची आणि शिकणारी चाळिशीला टेकलेली. पिटूनं तिला सांगितलं, आधी गोल काढ. आडवी रेघ मधोमध नको, खाली घे, म्हणजे कपाळ मोठं होतं. डोळे त्या रेघेवर, लांब लांब. हनुवटी जवळजवळ नाहीच. केसांचा आधी एकच ढिगारा काढ, मग त्यातून बटा बाहेर काढ. ऐकायला सोपं, पण ताईच्या हाताला गालाचं हाड, डोळ्याखालची सावली, ओठांच्या कोपऱ्यातली सुरकुती यांची वर्षानुवर्षांची सवय. पेन्सिल आपली तिकडेच वळायची. "आई, तुझी चिबी घरभाडं थकल्यासारखी दिसते," असं पिटू म्हणाली आणि दादा चहाचा कप हातात धरून खुदूखुदू हसत राहिला. सुरकुत्या सोडून द्यायला ताईला पुष्कळ महिने लागले.

मग ते जमलं, आणि असं जमलं की मालकांनी दुकानाच्या काचेवर नवी पाटी लावली. पोरंटोरं आवडत्या पात्राची चिबी चहाच्या मगावर काढून घ्यायला यायला लागली. पुढे मोठी माणसंही यायला लागली, स्वतःचीच चिबी करून मागायला. ताई त्यांच्या तोंडाकडे बघतच नसे. केस, चष्मा, पिशवी, उभं राहायची ढब एवढं बघायची, आणि त्या मोठ्या डोक्याखालचं इवलंसं अंग असं उभं करायची की गिऱ्हाईक म्हणायचं, "हा तर मीच!" सगळे खूश. मी एकदा म्हटलं, "ताई, बघ, परत गर्दी व्हायला लागली."

"हे माझं काम नव्हे गं," ती म्हणाली. "पण हे येतं."

घरात त्यांनी आपापल्या खुणा ठरवल्या होत्या. पिटू बाहेर जाताना केसांना पिवळा बँड लावायची, म्हणजे शाळेच्या दारात घोळक्यातून आईला ती सापडायची. दादा दार उघडता उघडता म्हणायचा, "गिऱ्हाईक नाही, भाऊ आलाय." आवाज ताईला सगळे ओळखू यायचे. माणूस बोललं की ते तिच्यासाठी खोलीत यायचं, तोवर नुसतंच कुणीतरी असायचं.

पिटू चौदा वर्षांची झाली. त्या वयात कुणाला पिवळा बँड लावून फिरायचं असतं? वर्गातल्या मुली हसायच्या. एक दिवस शाळा सुटायच्या आधीच ती मैत्रिणीबरोबर पळाली आणि आवडत्या पात्रासारखे केस कापून आली, अगदी मानेपर्यंत. शाळेच्या दाराशी ताई उभी होती. पिटू मुद्दामच तिच्या समोरून गेली. तिला बघायचं होतं, आई ओळखते का. आपली आई आपल्याला नुसत्या केसांवरून ओळखते, हे तिला तोवर मनापासून पटलेलं नव्हतं, असं तिनंच मला पुढे सांगितलं.

ताईनं तिला थांबवलं. "बाळ, तुमच्या वर्गातली पिवळ्या बँडवाली मुलगी बाहेर आली का गं?"

बोलली असती तर आवाजावरून कळलं असतं. पिटू बोलली नाही. तिनं नुसती मान हलवली, नाही अशी, आणि चालायला लागली.

शाळेच्या रखवालदारानं फाटक लावून घेतलं तरी ताई तिथेच उभी. शेवटी दादा शोधत आला आणि तिला घरी घेऊन गेला. पिटू स्वयंपाकघरात दूध तापवत होती. "आलात?" असं म्हणाली, आणि तो आवाज त्या कापलेल्या केसांच्या मुलीच्या तोंडून आलेला ताईनं ऐकला. दादा सांगत होता, तिला सगळं कळलं हे दिसत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "छान दिसतात केस." पिवळा बँड पिटूनं परत लावला नाही. ताईनंही कधी मागितला नाही. शाळेच्या दाराशी जाणंच तिनं सोडलं.

त्याच वर्षी थंडीत दादा गेला.

सुट्टीच्या दिवशी चष्म्याची काडी तुटली म्हणून तो दुरुस्तीला टाकायला बाहेर पडला. चष्मा टाकला, आणि येताना रस्त्यातच छातीत कळ येऊन पडला. लोकांनी इस्पितळात पोचवेपर्यंत संपलेला होता, आणि खिशातलं पाकीट, फोन कुणीतरी काढून घेतलेला. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी दादा घरी आला नाही, एवढंच. सकाळी ताईनं पोलिसांत तक्रार दिली आणि, घरात बसवेना म्हणून, दुकानात आली. दुपारी तिला फोन आला. इस्पितळात एक बेवारस माणूस आहे, येऊन बघून जा.

मी उठले. ती म्हणाली, "बस तू. मालक बाहेर गेलेत, काउंटर कोण सांभाळणार? आणि दादा नसणारच तो."

तासाभरात परत आली. दारातूनच हात हलवत, "नव्हता गं! कुणीतरी म्हातारा होता बिचारा."

मला इतकं हलकं वाटलं की मी पळत जाऊन चहा सांगून आले. आम्ही दोघी चहा प्यायलो. दादा मित्राकडे कुठेतरी जाऊन बसला असेल आणि आल्यावर त्याला कसं फैलावर घ्यायचं, हे ठरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिटू शाळेतून थेट दुकानात आली. दप्तर पाठीवरून न काढता ताईच्या टेबलापाशी उभी राहिली.

"आई, तो मामा नाही हे तू कशावरून ठरवलंस?"

"चष्मा नव्हता त्याला."

"मामा चष्माच टाकायला गेला होता ना?"

ताईनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "केस मागे वळवलेले होते. दादाचा भांग मधोमध असतो."

"कुणीतरी पाणी मारून मागे सारले असतील. कपडे कसले होते?"

"चादर होती अंगावर. गळ्यापर्यंत."

"तू त्यांना सांगितलंस, तुला चेहरे ओळखू येत नाहीत म्हणून?"

ताईच्या समोर एक अर्धवट चिबी पडली होती, डोळे काढून झालेली, केस अजून न काढलेली. ताई तिच्याकडेच बघत राहिली. "लाज वाटली," म्हणाली. "म्हटलं, ते काय म्हणतील. सख्खी बहीण ना मी त्याची."

मी काउंटरला कुलूप घातलं. मालकांना विचारलंही नाही.

शवागाराच्या दाराशी बसलेल्या माणसानं विचारलं, "घरचं कोण?" मी म्हटलं, मी ओळखते त्यांना, मी बघते. तो म्हणाला, घरचंच माणूस लागेल, सही करायची आहे. ताई पुढे झाली. पिटूनं तिचं कोपर धरून तिला बाकावर बसवलं.

"आई सही करेल. बघते मी."

"लहान आहेस तू," तो माणूस म्हणाला.

"मला दिसतं," पिटू म्हणाली.

तो आमच्या तिघींकडे आळीपाळीनं बघत राहिला आणि मग त्यानं दार ढकललं. मी तिच्याबरोबर आत गेले. चादर सारल्यावर मला खाली बघवेना, मी पिटूकडेच बघत होते. तिनं फार वेळ घेतला नाही. "मामा," म्हणाली, जसं काही त्याला उठवायचं होतं. रडली नाही. वाकली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी त्याचे केस पुढे ओढायला लागली. वाळून कडक झाले होते, परत मागे जायचे. तिनं बोटं जिभेला लावून ओली केली आणि मधोमध भांग पाडला. एकदा बिघडला, परत पाडला. मग तिनं चादर गळ्याखाली नीट केली आणि दाराकडे वळून हाक मारली, "आई, आता ये."

ताई आली. दारापासून दोन पावलांवर थांबली. तिनं तिथूनच तो भांग बघितला, आणि एक आवाज तिच्या तोंडून निघाला. तसला आवाज मी परत ऐकलेला नाही, ऐकायची इच्छाही नाही.

नातेवाईक जमले तेव्हा गोष्ट फुटलीच. असलं काही झाकून राहतं का? त्यांची एक लांबची मावशी चपला घालता घालता म्हणाली, "सख्ख्या भावाला 'नाही' म्हणून आली. पेन्सिल बरी धरता येते." मी तोंड उघडणार होते, ताईनं माझा पदर ओढला. पुढे तिनं तो विषय एकदाच काढला. "मी नाही म्हणाले म्हणून तो आणखी एक रात्र तिथे पडून होता. कुणाचाच नसल्यासारखा."

मीच एकदा मूर्खासारखं सुचवलं, "ताई, दादाचं एक चित्र काढ."

"कुठलं काढू?" ती म्हणाली. "आधीच्यासारखं येत नाही. आणि चिबी काढून त्याचं खेळणं करू?"

भिंतीवर दादाचा बसच्या पासावरचा फोटो मोठा करून लावला आहे. तो मालकांनी केला, पैसे न घेता.

पिटूनं शाळा संपवली आणि अ‍ॅनिमेशन शिकायला दुसऱ्या शहरात गेली. आता तिथेच एका कंपनीत आहे, दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा स्वच्छ करायचं काम करते. हाताला गुण आहे, पण तो तिथे कुणी विचारत नाही. आमचा स्टुडिओ बंद झाला. ताई आता एका खेळण्यांच्या दुकानात, जिन्याखाली टेबल टाकून चिबी काढते. गिऱ्हाईक असतं. मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन कुणी आलं, तर ती वर न बघता सांगते, "ते मी करत नाही."

मायलेकी रोज फोनवर बोलतात. जिन्याखालून ताईचं हसणं दुकानभर ऐकू येतं. पिटू साहेबाची नक्कल करते म्हणे. पण घरी यायचं ती टाळते. गेल्या खेपेला मी तिच्या दुकानात डोकावले होते; ताईनं फोन माझ्या हातात दिला आणि गिऱ्हाईकाकडे गेली, तेव्हा मी तिला जरा दटावूनच विचारलं, "काय गं, आईला भेटायला कधी येणार?"

पिटूनं आधी आई जवळ नाही ना, ते विचारून घेतलं.

"मावशी, तिथे आले ना, की मला सारखं बोलत राहावं लागतं. या खोलीतून त्या खोलीत गेले तरी. गप्प बसले की ती माझ्याकडे पाहुण्यासारखं बघते." मग म्हणाली, "दमते मी. तिला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. ताई परत आली, फोन कानाला लावला आणि विचारलं, "हं, काय म्हणत होतीस? जेवलीस का?" मी माझी पिशवी उचलली. दुकान बंद व्हायला अजून बराच वेळ होता, आणि तिच्या टेबलावर चार मग रंगवायचे राहिले होते.